वाईतील जुने घर विकायला काढताना

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग सुरूर फाट्याशी सोडला, की वाईचा रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना उसाची आणि हळदीची शेते लागतात. पांडवगड, वैराटगड आणि सोनजाईचा डोंगर यांच्या वेढ्यात कृष्णाकाठचे हे गाव वसलेले आहे. पाचगणी–महाबळेश्वरला निघालेला प्रवासी ढोल्या गणपतीसमोर अर्धा तास थांबतो, घाटाच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढतो आणि पसरणीचा घाट चढू लागतो. त्याने पाहिलेली वाई देवळांची आणि घाटांची असते.

घाटाकडे पाठ करून आळ्यांत शिरले, की दुसरी वाई भेटते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह ही नावे घाटांचीही आहेत आणि वस्त्यांचीही. कृष्णामाईचा उत्सवसुद्धा आळीआळीने होतो. या आळ्यांत अजून काही जुनी घरे उभी आहेत. दगडी जोते, त्यावर विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब, दर्शनी ओटी, आत चौक, चौकाभोवती पडवी, माजघर, देवघर, वर माडी आणि मागे परसात आड, अशी त्यांची साधारण मांडणी. काही घरे नांदती आहेत, काही भाडेकरूंच्या हाती आहेत आणि काहींच्या दाराला बारा महिन्यांपैकी अकरा महिने कुलूप असते. अशाच एखाद्या दारावर खडूने किंवा रंगाने लिहिलेले दोन शब्द दिसतात : विकणे आहे.

हे दोन शब्द लिहायला एक मिनिट पुरते. पण ते लिहिण्याआधी आणि लिहिल्यानंतर घरासाठी काय करावे, कशावर पैसा घालावा आणि कशावर घालू नये, याचा विचार फार थोडी कुटुंबे शांतपणे करतात. जुने घर विकण्यापूर्वी दुरुस्त करावे हे सर्वांना पटते. परंतु दुरुस्ती म्हणजे घर खरे करणे की घर झाकणे, या प्रश्नावर बरेच काही अवलंबून असते.

नमुन्यादाखल एक घर कल्पावे. ते तीन भावंडांचे आहे. थोरले दादा सत्तरीचे असून आतापर्यंत घर त्यांनीच सांभाळले. धाकटा भाऊ पुण्यात स्थायिक आहे. बहीण आक्का साताऱ्यात दिलेली. पुढच्या पिढीतील कोणी वाईत परतणार नाही, हे सर्वांनी मनोमन स्वीकारले आहे. दादांना आता जिना चढवत नाही आणि माडीवरचे कौल फुटले तर ते बदलायला माणूस मिळत नाही. घर विकण्याचा निर्णय भांडणातून आलेला नाही, वयातून आलेला आहे. आता प्रश्न एवढाच, की ते दाखवायचे कसे.

असे प्रश्न गावानेच पूर्वी सोडवलेले असतात. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. ते ऐन नदीकाठी आहे. पुराचे पाणी तेथे येणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली. पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. बांधणाऱ्याने पुराचे अस्तित्व नाकारले नाही, त्याला वाट करून दिली. जुन्या घराच्या दुरुस्तीचा पहिला नियम याच भिंतीपासून शिकता येतो. आधी पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते पाहावे. बाकीचे सारे त्यानंतर.

मात्र गवंड्याला हाक मारण्यापूर्वी कागदांची पेटी उघडणे आवश्यक असते. घराची भिंत कितीही भक्कम असली, तरी मालकी हक्काच्या नोंदीत फट असेल तर घर विकले जात नाही. वाईसारख्या गावठाणातील घराला नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते. पुष्कळदा तिच्यावर आजोबांचेच नाव असते. वडील गेले, आई गेली, घरपट्टी दादांच्या हातून भरली जात राहिली आणि वारस नोंद करण्याचे राहून गेले. घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. ती पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. म्हणून प्रथम वारस नोंद, मग मोजणी, मग चतुःसीमा पडताळणे हा क्रम योग्य. जुन्या आळीत सामाईक भिंत कोणाची, बोळातील वहिवाट किती आणि आपल्या कौलांच्या पागोळ्या कोणाच्या हद्दीत पडतात, हे प्रश्न आज शेजारी समजुतीने सोडवतात. नवा मालक आल्यावर तेच प्रश्न न्यायालयात जाऊ शकतात. शेजाऱ्याशी बसून ते आधीच लिहून घेतलेले बरे.

आक्काच्या हिश्श्याचा विचारही याच वेळी झाला पाहिजे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांप्रमाणे हक्क दिला. परंतु त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. त्यामुळे ‘बहिणीचे लग्नात सारे केलेच आहे’ हे वाक्य खरेदीखताच्या वेळी उपयोगी पडत नाही. बहीण हिस्सा घेईल किंवा स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून देईल. निर्णय तिचा असतो. तो शेवटच्या दिवशी घाईत विचारण्याऐवजी पहिल्या दिवशी सन्मानाने विचारला, तर पुढची कामे सुरळीत होतात.

खरेदीदार कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील सामान्यतः मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतो आणि बँकेचा मूल्यमापक इमारतीचे वय, स्थिती आणि उरलेले आयुष्य पाहतो. जुन्या घराच्या बाबतीत कर्ज पुष्कळदा इमारतीपेक्षा जमिनीच्या जोरावर मिळते. घरात भाडेकरू असेल, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याला असू शकते आणि त्याची माहिती पहिल्याच भेटीत द्यावी लागते. नदीकाठच्या गावात पूररेषाही पाहावी लागते. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. आपले घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, यावर तेथील नव्या बांधकामाची परवानगी अवलंबून असते. ज्याला घर पाडून इमारत उभारायची आहे त्याच्यासाठी ही माहिती भिंतीच्या रंगापेक्षा शतपटीने महत्त्वाची आहे.

कागद मार्गी लागले, की घर रिकामे करण्याचे काम येते. ते सर्वांत जड काम आहे. माळ्यावर पितळी घंगाळे, तांब्याचा बंब, मोडका पाळणा, लाकडी परात, बिनकाट्यांचे घड्याळ आणि तीन पिढ्यांच्या पत्रांची गाठोडी असतात. प्रत्येक वस्तू हाताळताना कोणीतरी गप्प होते. पण भरलेल्या घरात भेगा दिसत नाहीत. कपाट हलवल्याशिवाय मागची ओल कळत नाही आणि कोठीतील कणग्या उचलल्याशिवाय वाळवीची मातीची रेघ दिसत नाही. म्हणून वाटणी करावी, काही देऊन टाकावे, काही मोडीत द्यावे आणि जमीन मोकळी करावी. रिकामे घर झाडून, जाळी काढून, सर्व खिडक्या चार दिवस उघड्या ठेवल्या, तरी त्याचे रूप पालटते. या सुधारणेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

त्यानंतर छप्पर. आज वाईतील अनेक जुन्या घरांवर मंगलोरी कौले दिसतात. मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. म्हणजे त्यापूर्वीच्या घरांवर ही कौले मुळात असूच शकत नाहीत. नळीची देशी कौले उतरवून ती चढवणाऱ्या पूर्वजानेही त्याच्या काळी घराची सुधारणाच केली होती. छपराचे काम चैत्र–वैशाखात, वळवाच्या सरींपूर्वी उरकले पाहिजे. सगळी कौले नवी घालण्याची गरज क्वचितच असते. ती उतरवून, शेवाळ घासून, फुटकी वेगळी काढून, कुजलेल्या रिपा आणि एखाददुसरा वासा बदलून पुन्हा नीट शाकारली, तर तेच छप्पर आणखी बरीच वर्षे काढते. आढ्यावरच्या कोन्यांचे सांधे भरावेत. चौकातील पन्हळी साफ कराव्यात. कारण चार पाख्यांचे पाणी त्या छोट्या चौकात उतरते आणि मोरी तुंबली तर ते थेट जोत्यात मुरते. कौले काढून वर पत्रा टाकावा, असा सल्ला स्वस्त आणि झटपट म्हणून दिला जातो. पत्र्याने गळती थांबते हे खरे. पण उन्हाळ्यात माडी तापते आणि जुने घर हवे असलेला खरेदीदार दारातूनच परत फिरतो.

छप्पर झाल्यावर भिंती. येथे जुन्या घरांचे सर्वाधिक नुकसान अडाणी सुधारणांनीच झालेले आहे. मूळ भिंतीला चुन्याचा गिलावा असतो. चुना मुरवून, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी मिसळून तो घोटला जाई. असा गिलावा ओल शोषतो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतोही. पुढे कोणीतरी भिंत ‘पक्की’ करण्यासाठी त्यावर सिमेंट थोपतो. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही. ती आतल्या आत वर चढते. मग जी ओल पूर्वी गुडघ्यापर्यंत होती ती कमरेपर्यंत येते, क्षार फुटतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. यावर उपाय महाग नाही, पण संथ आहे. ओल असलेल्या पट्ट्यातील सिमेंट खरवडून काढावे, परसातील मातीची भर जोत्याच्या खाली उतरवावी, पाण्याला उतार द्यावा, भिंतीला सुकण्यास अवधी द्यावा आणि मग पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा. हे काम दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत करणे योग्य.

आपल्या कल्पित घरातही अशी एक भिंत आहे. ती माजघराची, परसाकडची. छप्पर शाकारले, सिमेंट काढले, उतार दिला आणि ओल पुष्कळ कमी झाली. पण ती पूर्ण गेली नाही. शेजारच्या हद्दीतील जमीन उंच आहे आणि तिचे पाणी श्रावणात याच बाजूला झिरपते. ठेकेदाराने सोपा तोडगा सुचवला : दोन हात पुट्टी, वर चकचकीत कागद, पुढे लाकडी फळ्यांचे अस्तर.

“दादा, निदान सहा महिने तरी काही दिसणार नाही, असे तो म्हणतो,” धाकट्याने सांगितले. “तोवर व्यवहार होऊन जाईल.”

दादा काही बोलले नाहीत. आक्का म्हणाली, “आणि सातव्या महिन्यात श्रावण आला की? अरे, आई त्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून धान्याचे डबे मांडायची. घेणाऱ्याच्या घरातही कोणी बाई असेल. तिला कोण सांगणार?”

धाकट्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. भाव पाडायला निमित्त शोधणारे ग्राहक असतात आणि एक ओली भिंत दाखवली तर ते संपूर्ण घर ओले असल्यासारखे बोलतात. प्रत्येक विक्रेत्यापुढे हा पेच येतो. पण कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, मिळकतीतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. असा दोष लपवणे हे कायद्याच्या दृष्टीने फसवणुकीत गणले जाते. उघडी ओल खरेदीदाराला स्वतः दिसू शकते. ती फळ्यांनी झाकली, की तिला न दिसणारा दोष करण्याचे काम विक्रेत्यानेच केलेले असते. दुरुस्ती आणि लपवाछपवी यांतील सीमारेषा येथे आहे. कारण हटवते ती दुरुस्ती. केवळ खूण पुसते ती लपवाछपवी.

लाकूडकामातही हीच कसोटी लावता येते. खांब आणि तुळया हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहाव्यात. भरीव सागवानाचा आणि आतून पोखरलेल्या लाकडाचा आवाज वेगळा येतो. खांबाचे कुजलेले टोक कापून, खाली दगडी तळखडा नीट करून, त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणारा सुतार मिळाला तर खांब वाचतो. वर्षानुवर्षे दिलेले तैलरंगाचे थर उतरवून सागवानाला अळशीचे तेल दिले, तर ओटीचे खांब पुन्हा बोलू लागतात आणि जुन्या घराचे मोल करणारा ग्राहक प्रथम तेच पाहतो. न दिसणाऱ्या वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत वाळवीला दूर ठेवते. मात्र पोखरलेली तुळई रंगवून तशीच ठेवणे हे ओल्या भिंतीवर कागद चिकटवण्याहून गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो.

यानंतर खर्च करण्याजोग्या दोन जागा उरतात. पहिली विजेची. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या जुन्या तारा बदलून, योग्य अर्थिंग, एमसीबी आणि गळतीचा प्रवाह तोडणारे यंत्र बसवणे ही सुरक्षिततेची गरज आहे आणि मूल्यमापकही ते पाहतो. दुसरी जागा शौचालय आणि न्हाणीघराची. परसातील जुने शौचालय रात्री–अपरात्री वापरणे वृद्धांना कठीण जाते. घरातच एक साधे, कोरडे, हवेशीर न्हाणीघर असेल तर खरेदीदाराच्या घरातील बायकांचा अर्धा विरोध मावळतो. याउलट स्वयंपाकघरात महागडे ओटे, बैठकीत प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत, शहाबादी फरशी उखडून बसवलेल्या चकचकीत टाइल्स यांवर घातलेला पैसा सहसा परत येत नाही. ज्याला जुने घर जपायचे आहे त्याला ते नको असते आणि ज्याला पाडायचे आहे तो त्याची दमडीही देत नाही. वाईत आज दोन्ही प्रकारचे ग्राहक येतात. आपल्याकडे कोण येणार हे ठाऊक नसताना छप्पर, निचरा, आधार, वीज आणि स्वच्छता एवढ्यांवरच थांबणे शहाणपणाचे. रंग सर्वांत शेवटी, तोही साधा, उजळ आणि भिंतीला श्वास घेऊ देणारा असावा.

हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. आयकराच्या दृष्टीने नेहमीची डागडुजी आणि भांडवली स्वरूपाची सुधारणा यांत फरक आहे. कौले शाकारणे आणि रंग देणे ही सामान्यतः डागडुजी. नवे न्हाणीघर बांधणे ही सुधारणा. विक्रीच्या नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा मागता येतो, पण त्यासाठी पावती लागते आणि पैसे बँकेमार्फत दिलेले असतील तर शंका उरत नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीपासूनच्या मिळकतीसाठी त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. मात्र मुद्रांक शुल्कासाठीचे त्या तारखेचे मूल्य उपलब्ध असल्यास त्याहून अधिक धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर निर्देशांकाविना १२.५ टक्के कर आहे. परंतु त्यापूर्वी मिळालेल्या जमीन–घरासाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला निर्देशांकासह २० टक्के या जुन्या रीतीने येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरण्याची मुभा आहे.

उदाहरणादाखल, २०२५–२६ मध्ये घर ६० लाखांना विकले आणि २००१ चे मूल्य १२ लाख ठरले, असे समजू. नव्या रीतीने नफा ४८ लाख आणि कर ६ लाख. त्या वर्षाचा निर्देशांक ३७६ असल्याने जुन्या रीतीने मूळ किंमत ४५ लाख १२ हजार, नफा १४ लाख ८८ हजार आणि कर सुमारे २ लाख ९८ हजार होतो. तेच २००१ चे मूल्य ६ लाख ठरले, तर नवी रीत ६ लाख ७५ हजारांवर आणि जुनी रीत सुमारे ७ लाख ४९ हजारांवर जाते. अधिभार आणि उपकर यांत धरलेले नाहीत आणि प्रत्येक भावंडाचा हिशेब आपापल्या हिश्श्यापुरता वेगळा होतो. तात्पर्य, नोंदणीकृत मूल्यमापकाकडून २००१ च्या मूल्याचा अहवाल घेणे ही संपूर्ण तयारीतील सर्वांत फायदेशीर ‘दुरुस्ती’ ठरू शकते. व्यवहाराची एकूण रक्कम ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो, हेही भावंडांनी आधीच ध्यानात ठेवावे.

घर दाखवण्याचा काळही विचारपूर्वक निवडावा. दिवाळीनंतर वाईची हवा कोरडी असते, कृष्णेचे पाणी निवळलेले असते आणि चौकात ऊन उतरते. घर तेव्हा सर्वांत चांगले दिसते. पण गंभीर ग्राहकाला ‘एकदा पावसातही येऊन पाहा’ असे म्हणता आले पाहिजे. ज्या विक्रेत्याला हे म्हणता येते त्याची तयारी पूर्ण झाली असे समजावे.

आपल्या कल्पित घराला पाहायला एक जोडपे आले. दादांनी छप्पर दाखवले, बदललेले वासे दाखवले आणि शेवटी माजघरातील त्या भिंतीपाशी उभे राहून सांगितले, “इथे श्रावणात ओल येते. आम्ही जे करता येईल ते केले. शेजारच्या हद्दीतून चर काढला तर राहिलेलीही जाईल. शेजारी तयार आहेत, पण तेवढे काम राहिले आहे.” ग्राहकाने अपेक्षेप्रमाणे भाव थोडा कमी मागितला. चर काढण्याचा अंदाजी खर्च मांडून दोन्ही बाजूंनी तेवढीच रक्कम कमी केली. झाकलेली भिंत व्यवहारानंतर उघडी पडली असती, तर रक्कम किती आणि मनस्ताप किती, याचे अंदाजपत्रक कोणालाही करता आले नसते. शिवाय ज्याने भिंतीचा दोष आपणहून सांगितला, त्याने छपराविषयी सांगितलेलेही खरे असणार, असा विश्वास ग्राहकाला वाटतो. दोष सांगणाऱ्याच्या शब्दाला गुण सांगतानाही किंमत येते. बाजारपेठेत वाढलेल्या कुटुंबांना हे नव्याने शिकवावे लागत नाही.

वाईपासून थोड्याच अंतरावर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. प्रवासी तेथील प्रशस्त चौक, भित्तिचित्रे आणि घाटावरची ती मोठी घंटा पाहून येतात. इतिहासाच्या अभ्यासकांना मेणवली हे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. ते कारण म्हणजे नानांचे दप्तर. चिरे आणि लाकूड राहिले तसे कागदही राहिले आणि त्यांवरून त्या काळाचे व्यवहार आज वाचता येतात. सामान्य कुटुंबाचे घर इतिहासात जाणार नसते. पण त्याचेही एक लहानसे दप्तर असावे आणि ते घराबरोबर पुढच्या हाती जावे.

म्हणून खरेदीखताच्या दिवशी किल्ल्यांबरोबर एक वही द्यावी. कौले कोणत्या वर्षी शाकारली, कोणते वासे बदलले, विजेच्या तारा कोणत्या भिंतीतून जातात, मोरीचे पाणी कोठे बाहेर पडते, आडाला उन्हाळ्यात किती पाणी राहते, कोणत्या शेजाऱ्याशी कसली वहिवाट आहे आणि माजघरातील कोणती भिंत श्रावणात ओलावते, हे तीत साध्या शब्दांत लिहिलेले असावे. दादांच्या अक्षरातील अशी वीस पाने नव्या मालकाला कोणत्याही रंगकामापेक्षा अधिक उपयोगी पडतील. पहिल्या पावसात माडीवर कोठे टपटप आवाज आला, तर तो घाबरणार नाही. वही उघडील, सातव्या पानावर पाहील आणि शिडी लावील.